संत इग्नेशियस आणि आपले लक्ष



दरवर्षी ३१ जुलैला आपण संत इग्नेशियस लोयोला यांचा सण साजरा करतो. येशूसंघाचे संस्थापक आणि संत फ्रान्सिस झेवियर यांचे सोबती म्हणून ते आपल्याला ठाऊक आहेत. आपले मन कुठे रमते हे पाहायला ते कसे शिकले, एवढाच भाग आज आपण पाहू.

इग्नेशियस यांचा जन्म सुमारे १४९१ साली स्पेनच्या बास्क प्रांतात एका सरदार घराण्यात झाला. तलवार, मानमरातब आणि दरबारी थाट यांचे त्यांना वेड होते. १५२१ च्या मे महिन्यात पांप्लोनाचा किल्ला फ्रेंचांविरुद्ध लढवताना तोफगोळ्याने त्यांचा उजवा पाय मोडला. हाड जुळले, पण वर उंचवटा राहिला. बूट शोभणार नाहीत म्हणून त्यांनी तो कापून घेतला. त्या काळी भूल देण्याची सोय नव्हती!

बिछान्यात पडल्या पडल्या त्यांनी सरदारांच्या पराक्रमाच्या कादंबऱ्या मागितल्या. घरात मिळाले ते ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे. नाइलाजाने ते तीच वाचू लागले. पुस्तक मिटले की मन भटके. कधी एका थोर घराण्यातील स्त्रीची मर्जी मिळवण्याच्या स्वप्नात तास न् तास जात, तर कधी संत फ्रान्सिस आणि संत डॉमिनिक यांच्यासारखे काही करावे असे वाटे. विचार चालू असताना दोन्ही गोडच. पण पहिला विचार सरला की मन कोरडे पडे; दुसरा सरला तरी आनंद मागे राहत असे. बरेच दिवस त्यांना हा फरक कळला नाही. कळला तेव्हा त्यांच्या आयुष्याची दिशाच बदलली.

पुढे बार्सिलोना शहरात, वयाच्या तिशीनंतर, ते लॅटिन शिकू लागले. व्याकरण पाठ करायला बसले की प्रार्थनेचे सुंदर विचार मनात गर्दी करत. मिस्सात किंवा प्रार्थनेच्या वेळीही ते इतक्या जोराने येत नसत. तेव्हा हा मोह आहे हे त्यांनी ओळखले. गुरुजींना ते चर्चमध्ये घेऊन गेले आणि पोटापुरती भाकर-पाणी मिळेल तोवर दोन वर्षे एकही पाठ चुकवणार नाही, असे वचन दिले. तो त्रास थांबला.

ही गोष्ट आपल्यालाही लागू पडते. जेवताना मूल शाळेतले काही सांगत असते आणि आपण मोबाईलवर आलेला सुविचार वाचत असतो. सुविचार वाईट नाही. पण त्या घटकेला देवाने आपल्यापुढे ते मूल बसवलेले असते. एकदा ते सांगायचे थांबले, की पुन्हा सांगेलच असे नाही.

१५४० साली पोप तिसरे पॉल यांनी येशूसंघाला मान्यता दिली. दोन वर्षांनी संत झेवियर गोव्यात उतरले. इग्नेशियस मात्र रोममध्ये राहिले. संघाचा कारभार आणि हजारो पत्रे यांत त्यांचे दिवस गेले, तरी दिवसाकडे वळून पाहण्याचा नेम त्यांनी सोडला नाही. संघातील विद्यार्थ्यांनाही रोज दोनदा मनाची तपासणी करायला लावली. ३१ जुलै १५५६ रोजी ते देवाघरी गेले. १६२२ साली त्यांना आणि झेवियर यांना एकाच दिवशी संतपद मिळाले.

या आठवड्यात आपणही हा नेम करून पाहू या. दुपारी आणि झोपण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे. आधी देवाचे आभार मानावेत. मग पाहावे: आज मन कुठे कुठे गेले? तिथून परतताना ते भरलेले होते की रिकामे? आणि उद्या, ज्याचे ऐकायचे राहून गेले, त्याच्याजवळ आधी बसावे.