आयर्लंडच्या इतिहासाने वगळलेली समुद्राची राणी, जिची नोंद शत्रूने ठेवली

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर मेयो परगण्यात क्लू बे नावाचा उपसागर आहे, छोट्या-छोट्या बेटांनी भरलेला. त्याच्या एका कोपऱ्यात रॉकफ्लीट किल्ला उभा आहे. किल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तटबंदी येते. इथे मात्र आहे एकच चौकोनी, चार मजली दगडी बुरूज, आणि भरतीचं पाणी थेट त्याच्या पायाशी येतं.

सोळाव्या शतकात या बुरुजात एक बाई राहायची. इंग्रज अधिकाऱ्यांना तिने जेरीस आणलं होतं. तिचं नाव ग्रेस ओ'मॅली. आयरिश लोक तिला ग्रॉन्या म्हणतात.

ग्रेसचा जन्म 1530 च्या सुमारास झाला. वडील ओवेन ओ'मॅली या भागातले टोळीप्रमुख. घराण्याचा सगळा कारभार समुद्रावर चालायचा. मासेमारी, व्यापार आणि आपल्या पाण्यातून जाणाऱ्या जहाजांकडून कर वसूल करणं. कर दिला नाही तर जहाज लुटलं जायचं.

लोककथा सांगते की लहानपणी ग्रेसने वडिलांसोबत सफरीवर जायचा हट्ट धरला. लांब केस दोरखंडात अडकतील असं तिला सांगण्यात आलं. पोरीने सरळ केस कापून टाकले.

पहिलं लग्न ओ'फ्लाहर्टी घराण्यातल्या डोनलशी झालं. तीन मुलं झाली. पुढे डोनल मारला गेला आणि ग्रेस माहेरच्या क्लेअर बेटावर परतली. क्लू बेच्या तोंडावरच हे बेट आहे. तिथल्या बंदरावरच्या बुरुजातून येणारं-जाणारं प्रत्येक जहाज दिसायचं. ग्रेसने तिथे स्वतःची माणसं आणि जहाजं जमवली.

दुसरं लग्न रिचर्ड बर्कशी. रॉकफ्लीट त्याचा होता. असं म्हणतात की लग्न एका वर्षाच्या बोलीवर झालं. वर्ष भरताच ग्रेसने दरवाजा आतून बंद केला आणि वरूनच नवऱ्याला काडीमोड दिला. किल्ला मात्र स्वतःकडे ठेवला! गोष्ट किती खरी, हा वेगळा मुद्दा. नंतरही दोघं एकत्रच दिसतात आणि किल्ला शेवटपर्यंत तिच्याशीच जोडला गेला. 1574 मध्ये गॅलवेहून इंग्रज सैन्य रॉकफ्लीटवर चालून आलं, तेव्हा तिने ते परतवून लावलं.

1577 मध्ये मात्र ती पकडली गेली. लिमरिक आणि डब्लिनच्या तुरुंगात जवळपास दोन वर्षं काढून ती सुटली.

खरा शत्रू आला 1584 मध्ये. सर रिचर्ड बिंगहॅम हा इंग्रज अधिकारी कॉनॉट प्रांताचा गव्हर्नर झाला. 1586 मध्ये त्याच्या भावाच्या ताब्यात असताना ग्रेसचा थोरला मुलगा ओवेन मारला गेला. बिंगहॅमने तिची गुरंढोरं नेली. 1593 मध्ये तिचा धाकटा मुलगा टिबट आणि भाऊ यांनाही कैद केलं.

आता लढून उपयोग नव्हता. साठी ओलांडलेल्या ग्रेसने थेट इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ हिच्याकडे अर्ज केला आणि लंडन गाठलं. राणीचे मंत्री लॉर्ड बर्ली यांनी तिला 18 प्रश्नांची यादी दिली. कुटुंब, जमीन, उदरनिर्वाह असं सगळं त्यात विचारलं होतं. तिने एकेकाचं उत्तर दिलं. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये दोघींची भेट झाली. दोघीही साठीच्या घरात. भेट लॅटिनमध्ये झाली असं परंपरा सांगते.

राणीने बिंगहॅमला मुलाला आणि भावाला सोडण्याचे, तसंच ग्रेसच्या चरितार्थाची सोय करण्याचे आदेश दिले. कैदी सुटले, पण बिंगहॅमने तिचा छळ थांबवला नाही. तिला पुन्हा लंडनकडे दाद मागावी लागली.

1603 च्या सुमारास ग्रेस वारली. एलिझाबेथही त्याच वर्षी गेली. टिबटने पुढे इंग्रजांशी जुळवून घेतलं आणि 1627 मध्ये तो मेयोचा पहिला व्हायकाउंट झाला.

आता गंमत बघा. आयर्लंडचा जुना इतिहास सांगणारा मोठा ग्रंथ, चार विद्वानांची बखर, 1636 मध्ये पूर्ण झाला. त्यात आसपासचे सरदार आहेत, त्यांच्या लढाया आहेत. ग्रेसचं नाव कुठेच नाही. गेलिक कायद्यात बाईला टोळीप्रमुख होता येत नव्हतं आणि बखरी लिहिल्या जायच्या त्या प्रमुखांच्या.

मग आज आपल्याला ती कळते कशी? इंग्रजांच्या सरकारी कागदांतून. ती किती त्रासदायक आहे हे सांगणारी अधिकाऱ्यांची पत्रं, तिचे अर्ज आणि त्या 18 प्रश्नांची उत्तरं. बाकीचं काम लोककथांनी आणि दगडांनी केलं.

क्लेअर बेटावर एक मध्ययुगीन मठ आहे. तिथेच तिला पुरलं, असं स्थानिक परंपरा मानते. बंदरावरचा तिचा बुरूजही अजून उभा आहे. बोटीने बेटावर येणाऱ्या माणसाला सगळ्यात आधी तोच दिसतो.