फुटणाऱ्या ताऱ्यांचा मागोवा घेणारे फ्रिट्झ झ्विकी

पावसाळा सरला, भाताची कापणी झाली की आपल्या चौक परिसराचे आकाश निवळते. हमरस्त्याच्या दिव्यांपासून थोडे दूर, शेताच्या बांधावर उभे राहिले तर देवयानी नक्षत्रात एक धुरकट ठिपका साध्या डोळ्यांनी दिसतो. ही आपल्या आकाशगंगेसारखीच दुसरी दीर्घिका, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांची वेगळी वसाहत आहे. तिच्यापासून निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचायला सुमारे 25 लाख वर्षे लागतात. 1885 साली या दीर्घिकेत एक नवा तारा अचानक उजळला आणि काही महिन्यांत मावळला. एकटा तारा इतका तेजस्वी कसा होतो, हे कोडे त्या काळी सुटले नाही. ते सोडवण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, त्या फ्रिट्झ झ्विकी यांची आज आपण ओळख करून घेऊ या.

झ्विकी यांचा जन्म 14 फेब्रुवारी 1898 रोजी बल्गेरियातील व्हार्ना या बंदराच्या शहरी झाला. वडील स्विस व्यापारी, आई चेक. मुलाने व्यापार शिकावा म्हणून वयाच्या सहाव्या वर्षी त्यांना स्वित्झर्लंडमधील ग्लारुस येथे आजी-आजोबांकडे पाठवण्यात आले. पण मुलाचे मन रमले ते गणित आणि पदार्थविज्ञानात. झुरिच येथे उच्च शिक्षण घेऊन 1925 मध्ये ते शिष्यवृत्तीवर अमेरिकेत कॅलिफोर्नियाला गेले आणि पुढचे सारे आयुष्य त्यांनी तेथेच काम केले. नागरिकत्व मात्र स्विसच ठेवले.

1933 मध्ये त्यांनी अरुंधती केश या तारकासमूहातील दीर्घिकांच्या एका मोठ्या थव्याचा अभ्यास केला. त्या दीर्घिका इतक्या वेगाने फिरत होत्या की, दिसणाऱ्या ताऱ्यांच्या वजनाने त्या एकत्र राहणे शक्यच नव्हते. तेव्हा तेथे न दिसणारे पुष्कळ द्रव्य असले पाहिजे, असे त्यांनी मांडले. फार थोड्यांनी लक्ष दिले. पुढे 1970 च्या दशकात व्हेरा रुबिन आणि इतरांच्या निरीक्षणांनंतर जगाने ही गोष्ट गंभीरपणे घेतली.

1934 मध्ये झ्विकी आणि त्यांचे सहकारी वॉल्टर बाडे यांनी अतिनवताऱ्याची कल्पना मांडली. प्रचंड तारा आयुष्याच्या अखेरीस फुटतो. बाहेरचे थर उधळले जातात आणि आतला गाभा दबून न्यूट्रॉनचा एक घट्ट गोळा उरतो, असे त्यांनी सांगितले. एखाद्या शहराएवढ्या गोळ्यात सूर्याहून अधिक वस्तुमान! ही कल्पना अनेकांना अतिरेकी वाटली. पण 1967 मध्ये जोसेलिन बेल यांना आकाशातून ठराविक ठेक्यात येणारे रेडिओ-ठोके सापडले आणि ते अशाच ताऱ्यांचे आहेत हे पुढे सिद्ध झाले.

झ्विकी नुसती कल्पना मांडून थांबले नाहीत. 1936 पासून पालोमार पर्वतावरील 18 इंची दुर्बिणीने ते त्याच त्या दीर्घिकांची छायाचित्रे पुन्हा पुन्हा घेत आणि जुन्या चित्राशी नवे ताडून पाहत. कोठे एखादा नवा ठिपका दिसतो का, एवढाच शोध. ऑगस्ट 1937 मध्ये त्यांना एका लहानशा, फिकट दीर्घिकेत असा तारा सापडला की, तो एकटाच त्या सबंध दीर्घिकेपेक्षा कितीतरी पटीने उजळ होता. आयुष्यभरात त्यांनी असे 120 च्या आसपास तारे शोधले. ज्यांच्याकडे इतरांचे दुर्लक्ष झाले, त्या चमत्कारिक दीर्घिकांचीही त्यांनी नोंद ठेवली. काही तर इतक्या आटोपशीर की, छायाचित्रात ताऱ्यासारख्याच दिसाव्यात. त्यांच्या यादीतील 18 क्रमांकाची एक छोटी दीर्घिका आजही अभ्यासली जाते, कारण ताऱ्यांच्या पोटात तयार होणारी जड मूलद्रव्ये तिच्यात फारच कमी आहेत.

झ्विकी स्वभावाने मात्र फटकळ होते. सहकाऱ्यांचा ते उघड पाणउतारा करीत. बाडे यांच्याशी असलेली मैत्रीही तुटली. त्यांच्या खऱ्या गोष्टींकडे लोकांनी पाठ फिरवली, त्यात या जिभेचाही वाटा होता, असे आम्हांस वाटते. परंतु याच माणसाने दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या युरोप आणि आशियातील ग्रंथालयांसाठी टनावारी पुस्तके आणि नियतकालिके गोळा करून पाठवली. अनाथ मुलांना आधार देणाऱ्या एका संस्थेची धुराही त्यांनी अनेक वर्षे वाहिली. हे काम करताना त्यांनी मित्र देश आणि शत्रू देश असा भेद केला नाही.

8 फेब्रुवारी 1974 रोजी पॅसाडिना येथे त्यांचे निधन झाले. ग्लारुस भागातील मोलिस गावी ते चिरविश्रांती घेत आहेत. पालोमारवर 2018 मध्ये सुरू झालेल्या नव्या आकाशपाहणीला झ्विकी यांचेच नाव देण्यात आले. ती उभारण्यात कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाड येथे जन्मलेले शास्त्रज्ञ श्रीनिवास कुलकर्णी यांचे नेतृत्व होते, ही आपणा मराठी माणसांना आनंदाची गोष्ट. 2024 च्या अखेरीपर्यंत या पाहणीतून दहा हजारांहून अधिक फुटलेल्या ताऱ्यांची ओळख पटली.

आपल्या रक्तातले लोह आणि भात कापणाऱ्या विळ्याचे लोखंड अशाच फुटलेल्या ताऱ्यांतून आले आहे. ते तारे शोधणाऱ्या माणसाची जीभ कडू होती, पण त्याचे म्हणणे खरे होते. आपल्या घरात, गावात, सभेत असा कडू बोलणारा एखादा असतोच. तो कसा बोलतो याचा राग जरूर यावा. पण तो काय बोलतो, हे एकदा तरी नीट ऐकून घ्यावे. आणि आपले म्हणणे खरे असेल, तर ते ऐकवेल अशा शब्दांत सांगण्याची काळजी आपणही घ्यावी.