पंडिता रमाबाई : दुष्काळात घडलेली शिक्षिका



२०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, हे आपल्यापैकी कुणीच विसरलेले नाही. १९७२ च्या दुष्काळातील खडी फोडण्याची कामे आणि सुकडी यांच्या आठवणी घरातील म्हाताऱ्या माणसांनी आपल्याला सांगितल्या आहेत. दुष्काळ म्हणजे काय, हे मराठवाड्याला समजावून सांगावे लागत नाही. म्हणून आज दुष्काळात आपले घर गमावलेल्या आणि पुढे त्याच दुष्काळातून हजारो मुलींसाठी घर उभे करणाऱ्या एका स्त्रीची ओळख करून घेऊ.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळ येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले. त्या काळी हा मोठा अपराध होता आणि त्यासाठी त्यांनी समाजाचा रोषही पत्करला. पुढे आईने तीच विद्या रमाबाईंना दिली. हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत फिरत असे. रमाबाई सोळा-सतरा वर्षांच्या असताना दुष्काळाने आई, वडील आणि थोरली बहीण यांना नेले. मागे उरली दोन भावंडे. अंगावर धड कपडा नाही, पोटात अन्न नाही, अशा अवस्थेत ती देशभर पायी हिंडली. घरदार, पैसा, माणसे सारे गेले होते. आईने शिकवलेले तेवढे कुणाला हिरावून घेता आले नाही.

१८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्या विद्येची परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या दुसऱ्या जातीच्या वकिलाशी विवाह केला. पण १८८२ च्या प्रारंभी पटकीने पतीही गेले. तेव्हा मनोरमा ही मुलगी एक वर्षाचीसुद्धा नव्हती. तिला घेऊन रमाबाई पुण्यात आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. हंटर आयोगापुढे स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर तयार करण्याची मागणीही त्यांनी केली.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि तेथे अँग्लिकन सभेत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या आपल्या कॅथलिक सभेच्या नव्हत्या, हे खरे. पण त्यांच्या सेवेपासून शिकायला आपल्याला कुठलीच आडकाठी नाही.

अमेरिकेतून मदत उभी करून ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत चौपाटीवर विधवांसाठी शारदा सदन सुरू केले. पुढच्याच वर्षी ते पुण्यास नेले. धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झालेल्या गोदूबाई याच सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक. पण येथे मुलींचे धर्मांतर होते, असा आरोप झाला. १८९३ मध्ये मोठे वादळ उठले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. ज्या समाजासाठी राबायचे त्याचाच विश्वास गमावण्याचे दुःख रमाबाईंनी सोसले, पण शाळा बंद केली नाही.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तेथे गेल्या. उपाशी मुली पाहताना त्यांना आपलेच जुने दिवस आठवले असतील. शेकडो मुलींना त्यांनी सोबत आणले. पुण्यात प्लेगची साथ असल्यामुळे शहरात त्यांना ठेवता येईना. तेव्हा केडगावला सदनासाठी घेतलेल्या जमिनीवर त्यांची सोय करण्यात आली. हेच पुढे ‘मुक्ती’ झाले. १९०० च्या सुमारास तेथील संख्या दीड-दोन हजारांच्या घरात गेली होती.

एवढ्या तोंडांना घास पुरवणे हेच केवढे मोठे काम! पण रमाबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. मुलगी लिहा-वाचायला शिकेच, शिवाय विणकाम, शिवण, शेती, गाई-म्हशींची निगा, छपाई यांपैकी काही ना काही तिच्या हाताला येई. अंध मुलींसाठी ब्रेल लिपीची सोय झाली. रमाबाईंनी बायबलचे मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून सोप्या मराठीत भाषांतर केले, ते मुक्तीच्याच छापखान्यात तेथील स्त्रियांच्या हातांनी छापले गेले. भुकेल्याला भाकरी देणे ही दया आहे. त्याला पुन्हा हात पसरावा लागू नये, अशी तजवीज करणे म्हणजे त्याच्या माणूसपणाचा मान राखणे होय.

हे काम आपल्या शेजारीही पोहोचले होते. नांदेड आणि लातूरप्रमाणेच निजामाच्या राज्यात असलेल्या गुलबर्ग्यात १९१२ च्या सुमारास मुलींची शाळा निघाली आणि मनोरमाबाईंनी ती सांभाळली. १९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या. बायबलच्या भाषांतराचे काम संपवून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनीही डोळे मिटले.

बंधू-भगिनींनो, पीक गेले की आपल्या घरांत पहिली कात्री कशाला लागते? बहुतेक वेळा मुलीच्या शाळेला. आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात. मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फडावर जाते, नाहीतर तिचे लग्न उरकले जाते. हे आईबाप दुष्ट नसतात, अडलेले असतात. म्हणून त्यांना नुसता उपदेश करून भागणार नाही. आज मिस्सा संपवून घरी जाताना आपल्या गल्लीत शाळा सुटलेली एखादी मुलगी आहे का, ते पाहा. तिच्या घरी जा, अडचण काय आहे ते विचारा आणि मला येऊन सांगा. काय करता येईल, ते आपण मिळून ठरवू.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वादित करो.

आपला धर्मगुरू