चवदार तळ्याचा खटला आणि बॅरिस्टर बाबासाहेब

दरवर्षी २० मार्चला आम्ही महाडला जातो, चवदार तळ्यापुढे नतमस्तक होतो आणि घरी परततो. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी प्राशन केले, हे आमचे लहान पोरही सांगते. पण त्या ओंजळीसाठी पुढे दहा वर्षे कोर्टात लढावे लागले, हे आमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

बाबासाहेबांनी १९१६ साली लंडनच्या ग्रेज इनमध्ये प्रवेश घेतला. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने मध्येच परतावे लागले. पुन्हा जाऊन १९२२ साली ते बॅरिस्टर झाले. १९२३ साली मुंबईत वकिली सुरू करायची तर सनदेपुरतेही पैसे जवळ नव्हते. मित्र नवल भथेना मदतीला आले. अस्पृश्य बॅरिस्टरला सॉलिसिटर काम देत नव्हते. तरीही बाबासाहेब खचले नाहीत. १९२६ साली 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरून जेधे, जवळकर प्रभृतींना शिक्षा झाली, तेव्हा पुण्याच्या सेशन कोर्टात अपील लढवून त्यांनी सर्वांना सोडवले. १९३४ साली 'समाजस्वास्थ्य'च्या खटल्यात ते र. धों. करव्यांच्या बाजूने उभे राहिले. तो खटला हरले, पण एकाकी माणसाची बाजू त्यांनी सोडली नाही.

महाडच्या खटल्यात मात्र ते स्वतःच प्रतिवादी होते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सनातन्यांनी दावा ठोकला. तळे खाजगी मालकीचे आहे आणि अस्पृश्यांनी तिथे पाणी न भरण्याची वहिवाट अनादि काळापासून चालत आली आहे, असे त्यांचे म्हणणे. १४ डिसेंबरला कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. त्यामुळे २५ डिसेंबरच्या परिषदेला हजारो बांधव जमले असतानाही बाबासाहेबांनी तळ्यावरचा सत्याग्रह तहकूब केला. त्याच दिवशी तिथे मनुस्मृतीचे दहन झाले. मनूचा कायदा जाळणाऱ्या बाबासाहेबांनी कोर्टाचा हुकूम पाळला, कारण हा हक्क कोर्टातही शाबीत करायचा होता.

१९३१ साली महाडच्या कोर्टात निकाल आमच्या बाजूने लागला. १९३३ साली ठाण्याच्या जिल्हा कोर्टानेही तोच कायम केला. सनातनी हायकोर्टात गेले. १७ मार्च १९३७ रोजी न्या. ब्रूमफिल्ड आणि न्या. वाडिया यांनी त्यांचे अपील फेटाळले. ओंजळीला दहा वर्षे पुरी व्हायला तीन दिवस उरले होते!

हा निकाल कशावर लागला, हे आम्ही नीट समजून घेतले पाहिजे. माणूस म्हणून सर्व समान आहेत, या तत्त्वावर तो लागलेला नाही. तळे नगरपालिकेचे होते आणि सनातन्यांना वहिवाट अनादि असल्याचे सिद्ध करता आले नाही, म्हणून ते हरले. मग प्रश्न उरतोच. उद्या दुसऱ्या गावच्या तळ्याबाबत कोणी वहिवाट सिद्ध केली असती तर? तर त्या काळच्या कायद्याने अन्यायालाच हक्क म्हणून मान्यता मिळण्याचा धोका होता.

बाबासाहेब मसुदा समितीचे अध्यक्ष असलेली आमची राज्यघटना या नजरेने वाचा. कलम १३ मध्ये रूढी आणि वहिवाट यांनाही कायद्याच्या व्याख्येत घेतले आहे. मूलभूत हक्कांशी विसंगत असेल तर कितीही जुनी वहिवाट रद्द ठरते. कलम १५ मध्ये विहिरी, तळी आणि स्नानघाट यांचा नावानिशी उल्लेख आहे. कलम १७ ने अस्पृश्यताच संपवली. महाडला जी फट उरली होती, ती घटनेने बुजवली, असे आम्हाला वाटते.

१९३५ साली बाबासाहेब मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. त्या परंपरेतले आमचे शेकडो तरुण आज काळा कोट घालतात. त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे: जयंतीच्या मिरवणुकीत जरूर नाचा, पण महाडचा निकालही एकदा वाचा. गावातला गरीब माणूस अॅट्रॉसिटीची फिर्याद घेऊन दारात आला, तर तारखांना कंटाळून त्याला तडजोडीला लावू नका. आमच्या बापाने एका तळ्यासाठी दहा वर्षे तारखा मोजल्या आहेत!