गोदावरी परुळेकर : बंदिवास आणि वेठ

जव्हार आणि मोखाडा ही नावे शहरी वाचकाला बहुधा कुपोषणाच्या बातम्यांतून परिचित झालेली असतात. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी १९९२ मध्ये साऱ्या महाराष्ट्राला अस्वस्थ केले होते. मात्र या डोंगराळ पट्ट्याचा आणि त्याला लागून असलेल्या डहाणू-तलासरीच्या रानाचा आणखी एक इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत येथील आदिवासी कर्जापोटी आपले अवघे आयुष्य गहाण टाकीत होते. त्या गुलामीविरुद्ध वारल्यांना उभे करणाऱ्या गोदावरी परुळेकर यांना स्वतःच्या आयुष्यातील अनेक वर्षे तुरुंगात काढावी लागली. कायद्याची पदवी मिळवणारी महाराष्ट्रातील पहिली महिला असा त्यांचा लौकिक. पण कायद्याशी त्यांची गाठ पडली ती वकिलाच्या डगल्यात नव्हे, तर कैदी आणि स्थानबद्ध म्हणून.

१४ ऑगस्ट १९०७ रोजी पुण्यातील सुखवस्तू गोखले कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शिक्षण फर्ग्युसन महाविद्यालयात आणि पुढे कायद्याचे. घरचे वातावरण मवाळ राजकारणाचे होते. १९३२ मध्ये सत्याग्रहात भाग घेऊन त्या तुरुंगात गेल्या आणि घराशी दुरावा निर्माण झाला. पुढे मुंबईत येऊन त्यांनी भारत सेवक समाजात प्रवेश केला. संस्थेच्या त्या पहिल्या महिला आजीव सदस्य. साक्षरता प्रसार, घरकामगार स्त्रियांची संघटना अशी कामे त्यांनी हाती घेतली. १९३९ मध्ये शामराव परुळेकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्याच वर्षी दोघेही कम्युनिस्ट पक्षात गेले. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर युद्धविरोधी प्रचारासाठी १९४० ते १९४२ या काळात त्यांना पुन्हा बंदिवास भोगावा लागला.

तुरुंगातून बाहेर आल्यावर ठाणे जिल्ह्याच्या जंगलपट्टीत त्यांनी जे पाहिले, ते भिंती नसलेल्या तुरुंगापेक्षा वेगळे नव्हते. लग्नासाठी वारली तरुण सावकाराकडून थोडी रक्कम घेई आणि त्या कर्जापोटी नवरा-बायको दोघेही सावकाराच्या घरी व शेतात राबत. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. मजुरी नाममात्र, हिशेब सावकाराच्या वहीत, आणि वारल्याला तर अक्षरओळखही नाही. त्यामुळे कर्ज फिटल्याचे सांगणारा कोणीच नसे. त्याशिवाय जमीनदार आणि जंगल ठेकेदार यांची वेठ होतीच. सरकारला हे ठाऊक नव्हते असेही नाही. सनदी अधिकारी सिमिंग्टन यांनी १९३९ च्या आपल्या अहवालात या दास्याची नोंद केली होती. अहवाल दप्तरी राहिला आणि वेठ चालू राहिली.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळा येथे किसान सभेची परिषद भरली. तेथे आलेल्या मोजक्या वारल्यांच्या आग्रहावरून परुळेकर दांपत्य उंबरगाव तालुक्यात गेले. २३ मे १९४५ रोजी झरी गावी हजारो वारली जमले. यापुढे वेठ करायची नाही, मजुरीशिवाय जमीनदाराच्या शेतावर पाऊल टाकायचे नाही, असा निर्धार झाला. पाठोपाठ लग्नगड्यांच्या मुक्ततेची मोहीम गावोगाव निघाली आणि आंदोलन डहाणू, पालघर, जव्हार या भागांत पसरले.

या जागृतीची किंमत लगेच मोजावी लागली. गोदावरीबाईंच्या जिवाला धोका असल्याची आवई जमीनदारांनी उठवली आणि त्यांच्या रक्षणासाठी वारली तलवाडा येथे जमले. १० ऑक्टोबर १९४५ रोजी पोलिसांनी या जमावावर गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगडसह पाच जण मृत्युमुखी पडले. परुळेकर दांपत्यावर जिल्हाबंदीचा हुकूम बजावण्यात आला. स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे गोदावरीबाईंना भूमिगत राहावे लागले.

१९५७ मध्ये शामराव ठाण्यातून लोकसभेवर निवडून आले. परंतु १९६२ च्या चीन युद्धानंतर भारत संरक्षण नियमांखाली अनेक कम्युनिस्टांची धरपकड झाली. पुढे १९६४ मध्ये पुन्हा अटकसत्र झाले. दोन्ही वेळा हे दांपत्य गजाआड होते. यावेळची कैद पूर्वीपेक्षा वेगळी होती. शिक्षा झालेल्या कैद्याला सुटकेची तारीख ठाऊक असते. स्थानबद्धाला ती नसते. त्याच्यावर आरोपपत्र नाही, खटला नाही, म्हणून बचावही नाही. कायदा शिकलेल्या स्त्रीला याचा अर्थ कोणी समजावून देण्याची गरज नव्हती. लग्नगड्याच्या कर्जालाही अशीच मुदत नसे. ३ ऑगस्ट १९६५ रोजी शामरावांचे स्थानबद्धतेतच निधन झाले. त्या वेळी गोदावरीबाईही कैदेतच होत्या.

सुटकेनंतर त्या पुन्हा आदिवासींमध्ये गेल्या. वारल्यांच्या लढ्याची हकीकत सांगणारे त्यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक १९७० मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तुरुंगातील अनुभव त्यांनी ‘बंदिवासाची आठ वर्षे’ या पुस्तकात मांडले. १९८६ मध्ये अखिल भारतीय किसान सभेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. ८ ऑक्टोबर १९९६ रोजी त्यांचे निधन झाले. तलासरीचे महाविद्यालय आज त्यांच्या नावाने ओळखले जाते.

वेठबिगारीला संविधानाच्या २३ व्या कलमाने १९५० मध्ये मनाई केली आणि तिच्या निर्मूलनाचा स्वतंत्र कायदा १९७६ मध्ये संमत झाला. म्हणजे झरीच्या माळावर निरक्षर वारल्यांनी जे ठरवले, ते कायद्याच्या पुस्तकात उतरायला तीन दशके लागली. कायदा झाल्यावर सर्व काही संपले, असेही नाही. २०१४ मध्ये नव्या पालघर जिल्ह्यात समाविष्ट झालेल्या जव्हार-मोखाड्यातून आजही पावसाळा सरताच कुटुंबेच्या कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात. उचल किती, फिटली किती आणि वही कोणाच्या हाती, हे प्रश्न जुनेच आहेत. गोदावरीबाईंच्या आयुष्याचे स्मरण करायचे, तर ते या प्रश्नांसह करावे लागेल.