सवयींचा हिशेब मांडणारे डॉक्टर

काळेवाडीतल्या आमच्या एका शेजाऱ्यांच्या कानाखाली गाठ आली. लाळग्रंथीचा कर्करोग निघाला. गल्लीने लगेच निकाल दिला, तंबाखूने घात केला! वास्तविक या गृहस्थांनी जन्मात सुपारीचे खांडही तोंडात टाकलेले नाही. तेव्हा मला डॉ. वसंत रामजी खानोलकर आठवले.

खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ चा. लंडनला विकृतिशास्त्रात एम.डी. होऊन ते मुंबईत अध्यापन करू लागले. १९४१ साली परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले आणि तिथल्या प्रयोगशाळा त्यांच्याकडे आल्या. सूक्ष्मदर्शकाखालची पेशी पाहून ते थांबत नसत. तो माणूस काय खातो, काय नेसतो, याचीही नोंद ठेवत. १९४५ साली डॉ. सूर्याबाईंसह त्यांनी प्रबंध लिहिला. धोतराची गाठ वर्षानुवर्षे काचते त्या कमरेवर, खैनी ठेवतात त्या ओठावर, चुट्ट्याचे जळते टोक तोंडात धरणाऱ्यांच्या टाळूवर कर्करोग होतो, हे त्यांनी दाखवले. १९५२ साली स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक. १९५५ साली पद्मभूषण, पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद. १९७८ साली ते गेले.

आम्ही बँकवाले जाणतो, नोंद नसेल तर कुणाच्या नावे रक्कम टाकता येत नाही. लाळग्रंथीचा कर्करोग दुर्मिळ. तिथे बहुतेकांच्या बाबतीत बोट ठेवावे अशी सवय सापडत नाही. डोक्या-मानेला पूर्वी मिळालेल्या किरणोत्सर्गाने धोका वाढतो, हे मात्र पक्के. कानाजवळच्या बहुतेक गाठी साध्याच असतात. पण गाठ वाढू लागली, दुखू लागली किंवा चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, तर दिवस काढू नयेत. चेहऱ्याची नस याच ग्रंथीतून जाते. पुढचे सारे गाठीच्या जातीवर आणि ती किती पसरली यावर ठरते. लवकर काढलेली गाठ बरी होण्याची आशा मोठी. काही जाती मात्र संथ आणि चिवट. दहा वर्षांनीही डोके वर काढतात. म्हणून तपासणीची तारीख चुकवायची नाही.

शेजाऱ्यांची शस्त्रक्रिया झाली. आता ते संध्याकाळी कट्ट्यावर येऊन बसतात. त्यांना काय खाल्लेत म्हणून विचारण्यापेक्षा पुढची तपासणी कधी, हे विचारावे. खानोलकरांनी सवयींवर ठपका ठेवला, पण आधी मोजून.