गांधीजींची सोन्याची चेन आणि आपलं स्मार्टवॉच

सकाळी घाटकोपरहून अंधेरीकडे जाणाऱ्या मेट्रोत चढलात की एक गोष्ट करून बघा. गर्दीत मोबाईल काढता येत नाही, म्हणून नजर आपोआप वर जाते. वर हँडल धरलेले हातच हात, आणि जवळजवळ प्रत्येक मनगटावर एक काळी स्क्रीन.

मी मुलुंडला राहतो, ऑफिस मरोळला. गेल्या वर्षी आमच्या टीममधल्या आठपैकी सात जणांकडे स्मार्टवॉच होतं. आठवा मी. माझं जुनं घड्याळ मस्त चालत होतं, तरीही बारा महिन्यांच्या ईएमआयवर नवीन घेतलं. चौथ्या हप्त्याला लक्षात आलं की मी त्यात मुख्यतः वेळच बघतोय!

तुमचंही असं झालं असेल तर वाईट वाटून घेऊ नका. आज स्पेसिफिकेशन बाजूला ठेवू आणि एका माणसाची गोष्ट बघू. त्यांचं नाव मोहनदास करमचंद गांधी. हो, तेच. कमरेला घड्याळ लटकवणारे गांधीजी आपल्याला फोटोतून माहीत आहेत. पण एकोणीस वर्षांचे गांधी आपल्यासारखेच होते.

लंडन: सगळ्यांकडे आहे, मग मलाही हवं

गांधीजींचा जन्म 2 ऑक्टोबर 1869 चा, पोरबंदरचा. बॅरिस्टर व्हायला ते 4 सप्टेंबर 1888 ला मुंबईहून बोटीने इंग्लंडला निघाले. बोटीवरून उतरताना त्यांनी पांढरे फ्लॅनेलचे कपडे घातले होते. आजूबाजूला बघतात तर असे कपडे घातलेले ते एकटेच! त्यांना भयंकर लाज वाटली.

मग सुरू झाली खरेदी. मुंबईत शिवलेले कपडे इंग्रजांमध्ये शोभणार नाहीत असं वाटून त्यांनी तिथल्या मोठ्या स्टोअरमधून नवे घेतले. 19 शिलिंगची उंच टोपी आली. बाँड स्ट्रीटवर 10 पाउंडांचा संध्याकाळचा सूट शिवून झाला. तयार टाय वापरणं बरं दिसत नाही म्हणून टाय बांधायला शिकले आणि रोज दहा मिनिटं आरशासमोर घालवू लागले. घड्याळ तर हवंच, पण ते अडकवायला साहेब लोकांसारखी चेनही हवी. त्यांनी भारतातल्या मोठ्या भावाला कळवलं आणि त्या बिचाऱ्याने सोन्याची दुपदरी चेन पाठवून दिली. कुटुंब आधीच खर्चाच्या ओझ्याखाली होतं.

इथे जरा थांबा. चेन असली काय, नसली काय, घड्याळ वेळ तीच दाखवणार. ती चेन वेळेसाठी नव्हतीच, समोरच्याला दिसावी म्हणून होती. एखादी वस्तू बरेच जण घेतात म्हणून आपल्यालाही ती हवीशी वाटते, याला अर्थशास्त्रात बँडवॅगन इफेक्ट म्हणतात. हार्वी लायबेनस्टाइन या अर्थतज्ज्ञाने 1950 साली एका लेखात तो नीट मांडला.

पुढे डान्सचा क्लास झाला, फी 3 पाउंड. पियानोचा ताल काही जमेना. मग कानाला ताल कळावा म्हणून 3 पाउंडांचं व्हायोलिन. म्हणजे एक वस्तू चालावी म्हणून दुसरी ॲक्सेसरी! हे सगळं साधारण तीन महिने चाललं. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला की आपल्याला इंग्लंडमध्ये जन्म काढायचा नाहीये, आपण शिकायला आलोय. क्लास बंद झाले, व्हायोलिन विकायला काढलं. रोज रात्री पै-पैचा हिशोब लिहायची सवय लागली, ती शेवटपर्यंत टिकली. कपड्यांचा नीटनेटकेपणा मात्र बरीच वर्षं राहिला. एका दिवसात माणूस बदलत नाही, हे यातलं मला सगळ्यात आवडलेलं.

सांताक्रूझ: कोणाकडेच नाही, फक्त माझ्याकडे

1893 मध्ये ते दक्षिण आफ्रिकेला गेले. तिथल्या भारतीयांसाठी लढले. 1901 मध्ये परत निघताना लोकांनी प्रेमाने सोन्या-हिऱ्याच्या वस्तूंचा ढीग भेट दिला. ती रात्र त्यांनी येरझाऱ्या घालत काढली. ते स्वतःच लोकांना दागिन्यांचा मोह सोडा असं सांगत होते. मग घरात सोन्याची घड्याळं आणि साखळ्या घालायच्या कोणी? कस्तुरबांना हे पटलं नाही, चांगलाच वाद झाला. शेवटी सगळ्या भेटवस्तू समाजाच्या कामासाठी ट्रस्टकडे गेल्या.

आता वाटेल, सुटला माणूस मोहातून. नाही!

1902 मध्ये ते मुंबईत वकिली करायला आले. आधी गिरगावात राहिले. तिथे मुलगा मणिलाल टायफॉइडने खूप आजारी पडला. ते घर दमट आणि अंधारं होतं, म्हणून त्यांनी सांताक्रूझला चांगला हवेशीर बंगला भाड्याने घेतला. कारण अगदी रास्त. पण त्यासोबत सांताक्रूझ ते चर्चगेट असा फर्स्ट क्लासचा पासही काढला. कधीकधी चर्चगेटची फास्ट गाडी पकडायला ते वांद्र्यापर्यंत चालत जायचे. आणि डब्यात फर्स्ट क्लासचे आपण एकटेच प्रवासी आहोत याचा त्यांना अभिमान वाटायचा. हे त्यांनी स्वतः आत्मकथेत कबूल केलंय.

म्हणजे लंडनमध्ये सगळ्यांकडे आहे म्हणून हवं होतं, आणि सांताक्रूझमध्ये इतरांकडे नाही म्हणून भारी वाटत होतं. या दुसऱ्या प्रकाराला लायबेनस्टाइनने स्नॉब इफेक्ट म्हटलं. दिसायला दोन्ही उलटे, पण दोन्हींत आपली नजर दुसऱ्याकडेच असते. लिमिटेड एडिशनचं घड्याळ याच दुसऱ्या बटणावर बोट ठेवतं.

मुंबईतलाच आणखी एक किस्सा. एक अमेरिकन विमा एजंट त्यांच्याकडे आला. तोपर्यंत गांधीजींनी अशा एजंटांना दाद दिली नव्हती. याने सांगितलं की अमेरिकेत तुमच्यासारख्या दर्जाचे सगळेच लोक विमा उतरवतात. झालं, गांधीजींनी 10,000 रुपयांची पॉलिसी घेतली! शॉपिंग ॲपवर तुमच्यासारख्या ग्राहकांनी हेही घेतलं असं दिसतं ना, ती युक्ती ॲपच्याही आधीची आहे. पुढे दक्षिण आफ्रिकेत विचार बदलल्यावर त्यांनी ती पॉलिसी बंद पडू दिली.

दुर्बीण समुद्रात

दक्षिण आफ्रिकेत त्यांचे एक जवळचे मित्र होते, हर्मन कॅलनबाख. पेशाने आर्किटेक्ट, आणि आजच्या भाषेत गॅजेटप्रेमी. त्यांना महागड्या दुर्बिणींचा नाद. 1914 मध्ये दोघं बोटीने इंग्लंडला चालले होते. साधेपणाने जगायचं ठरवलंय, मग ही दुर्बीण त्यात बसते का, यावर दोघांची रोज चर्चा. शेवटी गांधीजी म्हणाले की या वस्तूवरून वाद घालण्यापेक्षा ती समुद्रात टाकून देऊ. कॅलनबाख तयार झाले आणि 7 पाउंडांची दुर्बीण पाण्यात गेली.

आपण कोणी स्मार्टवॉच अरबी समुद्रात टाकायचं नाहीये. ई-कचरा होतो तो वेगळाच. पण घेताना आपण वस्तूला प्रश्न विचारतो, घेतल्यावर विचारत नाही. त्या दोघांनी विचारला.

9 जानेवारी 1915 ला गांधीजी कायमचे भारतात आले. पुढे तर डावच उलटला. 31 जुलै 1921 ला मुंबईत परळला त्यांच्या हस्ते परदेशी कापडाची मोठी होळी झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी फक्त पंचा नेसायला सुरुवात केली. आता लोक त्यांच्याकडे बघून खादी घेऊ लागले. दुसऱ्याकडे बघून घेण्याची आपली सवय किती ताकदवान असते हे त्यांना स्वतःवरून माहीत होतं. ती ताकद त्यांनी चरख्याच्या मागे लावली.

घड्याळ मात्र राहिलं

सूट गेला, टोपी गेली, फर्स्ट क्लास गेला. घड्याळ मात्र शेवटपर्यंत राहिलं, कारण ते कामाचं होतं. प्रार्थना, सूतकताई, भेटी, पत्रं, सगळं मिनिटावर चालायचं. त्यांच्याकडे इंदिरा गांधींनी दिलेलं झेनिथ कंपनीचं, गजर असलेलं खिशातलं घड्याळ होतं. 1947 मध्ये ते चोरीला गेलं आणि काही महिन्यांनी चोराने स्वतः परत आणून दिलं.

30 जानेवारी 1948 ला दिल्लीत सरदार पटेलांशी बोलणं लांबलं. पाचची प्रार्थना चुकायला लागली तेव्हा आभा गांधींनी त्यांना घड्याळ दाखवलं. उशीर झाल्याचं त्यांना वाईट वाटलं. प्रार्थनेच्या जागेकडे भरभर चालत जात असतानाच, 5 वाजून 17 मिनिटांच्या सुमारास, त्यांची हत्या झाली.

मार्च 2009 मध्ये न्यूयॉर्कला त्यांचं घड्याळ, चष्मा, चपला, ताट आणि वाटी लिलावात 18 लाख डॉलरना विकले गेले. वस्तू साध्याच होत्या. किंमत आली ती आधी त्या कोणाच्या होत्या यामुळे.

मग आपण काय करायचं?

दुसऱ्याकडे बघून घेणं नेहमीच चूक नसतं. सगळे यूपीआय वापरतात म्हणून तर आपल्याला त्याचा उपयोग होतो. ऑफिसात सगळ्यांचा चार्जर एकच असेल तर अडीअडचणीला मिळतो. इथे दुसऱ्यांकडे असल्यामुळे आपल्या वस्तूचा खरा उपयोग वाढतो. मनगटावरच्या घड्याळाचं तसं फार कमी होतं. शेजारच्याने तेच घेतलं म्हणून माझे ठोके जास्त अचूक मोजले जात नाहीत.

मी गांधीजींची हिशोबाची आयडिया उचलली. महिनाभर रोज रात्री लिहिलं की आज स्मार्टवॉच नक्की कशासाठी वापरलं. वेळ, सकाळचा गजर, आईचा फोन आल्याचं व्हायब्रेशन. बास! ईएमआय संपला त्याच महिन्यात नवीन मॉडेल आलं आणि टीममधल्या चौघांनी घेतलं. मी नाही घेतलं. मोह झाला नाही असं अजिबात नाही, दोन वेळा कार्टमध्ये टाकून काढलं.

तुम्हीही पुढचं घड्याळ घेण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: हे मी एकटा असताना, कोणी बघत नसताना, कशासाठी वापरणार आहे? उत्तर मिळालं तर बिनधास्त घ्या, ते घड्याळ आहे. नाही मिळालं, तर ती फक्त चेन आहे.